कापसातून चालणारी खुर्ची

मोटरवर चालणारी खुर्ची घ्यायला घरातले झाडून सगळे येतात. येत नाही तो फक्त त्या खुर्चीत बसणारा माणूस.

खामगावात आमचं सर्जिकल सामानाचं दुकान होतं. कमरेचे पट्टे, कुबड्या, वॉकर, पाण्याच्या गाद्या, आणि पुढे पुढे मोटरच्या खुर्च्या. गल्ल्यावर आमचे हे बसत आणि गिऱ्हाइकाशी मी बोलत असे. ह्यांच्या मते मी बोलत नसे, भांडत असे. असेल. पण वर्षातून एक चौदा एप्रिल सोडला तर दुकान बंद ठेवलेलं मला आठवत नाही आणि भांडून गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही असंही फारसं झालं नाही.

तर, ही मंडळी येत. काका, मामा, जावई, एखादे गावचे माजी सरपंच. मुलगी बघायला आल्यासारखे बाकावर ओळीने बसत. चहा होई. मग खुर्चीला उभी कर, आडवी कर, कातडं बघ, रंग बघ. मी विचारायची, "बसणार कोण?" "आमची आई." "कुठाय?" "घरी हाय. तिले काय समजते?" माझं डोकं तिथेच फिरायचं. अहो, चप्पल घ्यायची तर माणूस स्वतःचा पाय घेऊन येतो. ज्या खुर्चीत माणसाचा सगळा दिवस जाणार, तिच्यासाठी मात्र सुतळी आणतात. दाराचं माप म्हणून एक गाठ, आईचं माप म्हणून दुसरी गाठ. त्या दोन गाठींतली आई कोणती आणि दार कोणतं हे दुकानात आल्यावर कोणालाच आठवत नसे.

ज्यांनी अशी खुर्ची कधी घेतली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मागच्या दोन चाकांना मोटर असते, खाली बॅटरी असते, हाताशी एक छोटी दांडी असते. दांडी पुढे केली की खुर्ची पुढे, मागे ओढली की मागे. पुढची दोन चाकं लहान, गोल फिरणारी, त्यांच्यावर वळण घेता येतं. एवढंच यंत्र आहे. पण घ्यायची कोणती हे यंत्र बघून ठरत नाही. दार किती रुंद, उंबरठा किती उंच, गल्लीत फरशी की काळी माती, लाईट किती वेळ असते, आणि बॅटरी संपली तर ढकलायला घरात कोण आहे, यावर ते ठरतं. सगळ्यात शेवटी एक प्रश्न, जो मी सगळ्यात आधी विचारायची: सकाळी उठून जायचं कुठे आहे?

लोणारचे एक गुरुजी होते. मुलांनी त्यांच्यासाठी झोपता येईल अशी पसरट खुर्ची पसंत केली होती. मी हट्ट धरला म्हणून त्यांना आणलं. गुरुजी म्हणाले, "मला संध्याकाळी सरोवराच्या काठावर जायचंय. मित्र तिथंच बसतात." उतार-चढावाचा रस्ता, आणि मुलं गादीची जाडी मोजत होती. गुरुजींना मी चांगल्या ब्रेकची, अरुंद, साधी खुर्ची दिली. किंमतही कमी पडली. सोयीची वस्तू महागच असते हा एक गैरसमज आहे, आणि त्यावर दुकानदारांची घरं चालतात. आमचंही चाललं, नाही म्हणत नाही.

सगळेच गुरुजींसारखे नशीबवान नव्हते. माझं न ऐकता नेलेल्या काही खुर्च्या मी पुढे लोकांच्या घरी पाहिल्या. कोपऱ्यात, वर गोधड्यांची चवड. त्या पाहिल्या की मला दिवसभर जेवण गोड लागत नसे.

पण आज सांगायचं आहे ते जैबून आपाचं.

खामगाव म्हणजे कापूस, हे सांगायला नको. शेतकऱ्याच्या घरून येतो तो कापूस, जिनिंगमध्ये त्यातली सरकी वेगळी निघते आणि उरते ती रुई. पण जिनात घालण्याआधी त्यातली कवडी वेचावी लागते. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला, चिकटलेला कापूस. हे काम बायका करतात. यार्डात कापसाच्या मोठाल्या गंज्या, त्यांच्या कडेने डोक्याला फडकं बांधून बसलेल्या बायका, आणि त्या सगळ्यांवर एक मुकादमीण. जैबून आपा ही एका जिनिंगमधली मुकादमीण होती. कोणती गंजी आधी फोडायची, कुठे किती बायका लावायच्या, कोणाचा हात चालतो आणि कोणाचं तोंड, हे सगळं तिच्याकडे. आदल्या हंगामात गंजी घसरली आणि आपा वरून खाली आली. कमरेखालचं सगळं गेलं.

आमच्याकडे आधी आले ते तिचे नवरे गफूरभाई आणि जावई सलीम. सलीमचं मोबाईलचं दुकान होतं, त्यामुळे त्याला प्रत्येक वस्तूला लाईट लागत असे. दुकानातली सगळ्यात जड, सगळ्यात चकचकीत खुर्ची त्याने धरली. समोर दिवा, हॉर्न, पाठ मागे पडणारी, पाय वर होणारे.

"हीच पायजे," तो म्हणाला. "अम्मीले आरामात लोळता आलं पायजे."

"अम्मीला लोळायचं आहे का?"

"मंग आता दुसरं काय कराचं हाय तिले?"

गफूरभाई म्हणजे साधा माणूस, आयुष्य घोडागाडी हाकण्यात गेलेलं. मी त्यांना म्हटलं, "भाई, त्यांना घेऊन या. त्याशिवाय मी खुर्ची देत नाही."

सलीमला राग आला. पैसे रोख देऊन राह्यलो, अन् तुमी आमालेच शिकवून राह्यल्या, असं म्हणून तो उठला. आमच्या ह्यांनी गल्ल्यावरून माझ्याकडे जे पाहिलं ते मी न पाहिल्यासारखं केलं.

दोन-चार दिवसांनी दुकानासमोर एक मालवाहू रिक्षा थांबली. मागच्या हौद्यात सतरंजीवर जैबून आपा, शेजारी गफूरभाई, आणि दोघांच्या मध्ये एक फुगलेलं पोतं. सलीम मागून मोटरसायकलवर, तोंड पाडून. आपाला उचलून बाकावर बसवलं. बाई अंगाने बारीक, पण नजर अशी की दुकानातल्या कुबड्यासुद्धा सरळ झाल्या असत्या.

"तुमीच का थ्या ताई? मले आनल्याबिगर खुर्ची देनार नाई म्हनल्या थ्या?"

"हो, मीच."

"बरं केलं. ह्यायनं मले गादी आनली असती." मग तिने सरळ मुद्दा काढला. "जिनवाल्या शेठजीचं म्हननं हाय का हंगामाच्या मुहूर्ताच्या दिवशी यार्डात फिरून दाखव, मुकादमी तुही. नाई जमलं तं ठेकेदार बाहेरून मानसं आनते. त्याचंबी चूक नाई. पन माह्या बाया कुठी जातीन?"

ते बोंडअळीचं साल होतं. बीटी कपाशी आली तेव्हा आता अळीचं नाव नको, असं जो तो म्हणत होता. त्या साली अळी बोंडाच्या आत जाऊन बसली. कोणाच्या शेतात वेचायला धड काही नव्हतं. आपाच्या हाताखालच्या बायकांपैकी कितीतरी जणींची स्वतःची दोन-तीन एकर कपाशी होती, ती उभीच्या उभी वाया गेली होती. गंमत बघा, बाजारात कापूस कमी होता, पण होता त्यात कवडी भरमसाट. म्हणजे वेचणाऱ्या बायकांना काम होतं. ते या बायकांना मिळणार की बाहेरच्यांना, हे एका खुर्चीवर येऊन ठेपलं होतं.

मी उत्साहाने एकेक खुर्ची दाखवू लागले. ही खडीवर चालते, ही मातीत चालते.

"ताई," आपा म्हणाली, "आमच्या यार्डात माती नसते. कापूस असते."

तिने गफूरभाईंना खूण केली. त्यांनी पोतं उचललं आणि आमच्या दुकानासमोरच्या फरशीवर उलटं केलं. कवडी, रुईचे पुंजके, धागे, सगळा पसारा. येणारे-जाणारे थांबले. शेजारचा मेडिकलवाला बाहेर आला.

"आता चालवा," आपा म्हणाली.

सलीमची लाडकी खुर्ची आधी आली. तोच बसला. हॉर्न वाजवत निघाला आणि पोत्याएवढी जागाही पार झाली नाही. पुढच्या लहान चाकांच्या आसावर धागे गुंडाळले गेले, चाकं फिरायची थांबली, मोटर घुर्रघुर्र करत राहिली आणि खुर्ची आडवी वळून मेडिकलवाल्याच्या पायरीला जाऊन टेकली. लोक हसले. सलीम उतरला तो थेट पानठेल्याकडे गेला.

दुसरी खुर्ची थोडी पुढे जाऊन अडली. तिसरीचं पोट इतकं खाली होतं की तिने सगळा कापूस झाडूसारखा पुढे ढकलत नेला. इतकी वर्षं मी लोकांना माप शिकवत होते, आणि कापसाच्या गावात दुकान टाकून कापसावर एकही खुर्ची चालवून पाहिली नव्हती. आपा मात्र खुशीत होती.

"अजून हाय का?" तिने विचारलं.

मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो पुण्याचा. "मॅडम, कापूस म्हणजे? गादीतला का?" त्याला समजावता समजावता माझाच घसा बसला. शेवटी तो म्हणाला, आमची खुर्ची घरातल्या फरशीसाठी आहे, कापसासाठी नाही. मी म्हटलं, आमच्याकडे घरातल्या फरशीवरही कापूसच असतो, आणि फोन ठेवला.

मुहूर्त जवळ येत होता. आमच्या दुकानाचं दुरुस्तीचं काम मधू फिटर बघत असे. स्वभावाने थंड, हाताने चलाख. तो, मी आणि आपा असे आम्ही तिघे रोज दुपारी खुर्च्या उलट्या करून बसू लागलो. गफूरभाई चहा आणत. आमचे हे गल्ल्यावरून म्हणत, "एका खुर्चीच्या नफ्यात तुम्ही चौघं चहाच पिऊन टाकाल." पण दुसऱ्या दिवशी स्वतःच चहाची किटली मागवून ठेवत.

पहिलं एक ठरलं. खुर्ची साधी आणि हलकी पाहिजे. यार्डाच्या मधोमध बॅटरी बसली तर मोटरचा खटका मोकळा करून दोन बायांना ती ढकलता आली पाहिजे. सलीमची निवड दोन बैलांना हलली नसती. शिवाय तिच्यापेक्षा साधी पुष्कळ स्वस्त होती, आणि वाचलेल्या पैशात दुसरी बॅटरी आली. आमच्याकडे लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा पाठ मागे पडणाऱ्या खुर्चीपेक्षा चार्ज होऊन तयार असलेली दुसरी बॅटरी लाख पटीने बरी. आमच्या भागातल्या गिऱ्हाइकाला मी आजही हेच सांगेन.

राहिलं पुढचं चाक. मधूने मोठ्या चाकाची जोडी बसवली. अडकायचं कमी झालं, थांबलं नाही. आसाला ग्रीस लावून पाहिलं, तर त्यावर रुई आणखीच चिकटली. मी कंटाळले होते. आपा बाकावर बसून डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधत होती. बांधता बांधता थांबली.

"आमच्या बाया डोक्शाले फडकं काऊन बांधतेत ताई?"

"केसात रुई जाते म्हणून."

"मंग चाकाले काऊन नाई बांधत?"

मधू हसला. मग हसायचा थांबला. त्याने खरंच एक फडकं बांधून पाहिलं आणि चाकाने ते एका दमात गिळलं. पण कल्पना त्याच्या डोक्यात शिरली होती. समोरच्या तेलाच्या दुकानातून त्याने रिकामा डबा आणला, कापला, ठोकला आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या टोप्या केल्या. आस पूर्ण झाकला. चाकाचा फक्त जमिनीला टेकणारा भाग उघडा राहिला. पहिल्या टोप्या चाकाला घासून असा आवाज करत की गल्लीतली कुत्री पळाली. दुसऱ्या खेपेला त्याने कडा बाहेर वळवल्या. पुन्हा पोतं ओतलं. खुर्ची कापसावर चढली, उतरली, वळली, परत आली. मधूने चाक उलटं करून पाहिलं. टोपीच्या कडेला दोन धागे लोंबत होते, आत काही नव्हतं.

 आपाने पदराने तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं. गफूरभाई दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मला फार आनंद झाला होता, आणि मला आनंद झाला की मी रागावते, म्हणून मी मधूला म्हटलं, "तो पसारा कोण झाडणार?"

कंपनीच्या माणसाला कळवलं तर म्हणाला, पत्रा मारला तर गॅरंटी जाईल. मी सांगितलं, जाऊ दे, माझी आहे. आमच्या ह्यांनी हे ऐकलं आणि, खरं सांगते, पहिल्यांदाच काही म्हटलं नाही.

मुहूर्ताच्या दिवशी मी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि पेढे घेऊन जिनिंगवर गेले. वजनकाट्याला हार घातला होता, नारळ फुटला होता. गंज्या आदल्या सालापेक्षा लहान होत्या, तरी यार्ड पांढरंशुभ्र होतं. एका कडेला आपाच्या बायका उभ्या होत्या, डोक्याला फडकी बांधून, हातात डबे. काम मिळणार की परत जायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्यातली शेवंता मला म्हणाली, "ताई, वापस जावं लागलं तं पोराले काय सांगू? काम लागलं म्हनून सांगून आली." ठेकेदारही आला होता. तो मोबाईलवर बोलत फिरत होता. शेठजी आणि त्यांचे दिवाणजी काट्यापाशी उभे होते.

फाटकातून आपा आली. हिरवी साडी, नवी. खुर्ची सिमेंटच्या रस्त्यावरून आली तोवर काही नाही, तिथे कोणतीही चालली असती. मग कापूस सुरू झाला. पुढची चाकं त्यात शिरली. आवाज बदलला, दबला. खुर्ची हळू झाली, आणि चालत राहिली. पत्र्याच्या टोप्या कापूस बाजूला सारत होत्या. आपाने पहिल्या गंजीला पूर्ण वळसा घातला, दुसऱ्या गंजीला घातला, आणि तिच्या मागे चाकांच्या दोन वाटा उमटल्या. बायकांत कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्या नुसत्या चाकांकडे बघत होत्या. ठेकेदाराने मोबाईल खिशात टाकला होता.

आता ती शेठजींपुढे जाऊन थांबेल, नमस्कार करेल, असं मला वाटलं होतं. ती काट्यापाशी गेलीच नाही. एका व्यापाऱ्याची गाडी माल उतरवत होती, तिथे गेली. नुकत्याच पडलेल्या ढिगाशी खुर्ची लावली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. आधी ती उभी असायची तेव्हा हात ढिगाच्या मध्यावर जायचा. आता बसून तो थेट बुडाशी गेला. मूठ बाहेर आली ती पिवळी आणि ओलसर.

"दिवानजी," ती तिथूनच म्हणाली, "वरून चांदी हाय, खालून भिजवून आनला. अन् कवडी पाहा किती हाय थे."

दिवाणजी चालत गेले. त्यांनी स्वतः हात घातला. व्यापाऱ्याचा माणूस काहीबाही सांगू लागला, दिवाणजींनी त्याला हातानेच गप्प केलं आणि शेठजींकडे वळून मान हलवली.

शेठजी मितभाषी माणूस. त्यांनी ठेकेदाराकडे पाहिलं नाही. म्हणाले, "जैबून, बाया लाव."

आपाने खुर्ची गर्रकन वळवली. "शेवंता, तू या गंजीले. कमळा, तुह्या सगळ्या तिकडे. सावलीत नाई, उजेडात बसा, कवडी दिसली पायजे. चला, उभ्या काय राह्यल्या?"

बायका धावल्या. खरोखर धावल्या. त्या पांढऱ्या यार्डात रंगीत फडकी चहूकडे पांगली आणि पाहता पाहता गंज्यांच्या कडेने बसली. हात चालू झाले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी त्या पुसतही नव्हते. सलीम फाटकाशी उभा होता. तो कोणाला तरी फोनवर सांगत होता, "हाव, अम्मीच. चाकाले टोप्या आमीच लावल्या."

मला राहवेना. पेढ्यांचा पुडा वर धरून मी मधल्या गंजीवरूनच वाट काढत आपाकडे निघाले. तिने मला येताना पाहिलं. तिचा चेहरा उजळला, हात उंच झाला. मला वाटलं, आता ती मला मिठीच मारणार.

"ताई," ती म्हणाली, "कापसावरून खाली उतरा. चपला घालून माल तुडवून राह्यल्या."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी चपला हातात घेतल्या आणि मुकाट्याने खाली उतरले.